पाणी मुरतंय का, एवढंच विचारलं होतं

चहा येईपर्यंत हा नकाशा बघून घ्या. आमच्या घराचा आहे. बंगळूरला कनकपुरा रोडवर मेट्रो सिल्क इन्स्टिट्यूटपाशी संपते, तिथून पुढे काही किलोमीटर गेलं की आत ही जागा लागते. 30 बाय 40 फुटांची साइट. इथे प्लॉट कुणी म्हणत नाही. आता गेटच्या आत डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. छोटं वर्तुळ दिसलं? त्यात ‘एस. पी.’ लिहिलंय. सोक पिट, म्हणजे आपला शोषखड्डा. आमच्या गल्लीत अजून यूजीडी, म्हणजे जमिनीखालची गटारलाइन, आलेली नाही. त्यामुळे घरातलं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाणार, टँकमधून या वर्तुळात जाणार आणि वर्तुळातून जमिनीत मुरणार, असं नकाशाचं म्हणणं आहे. नकाशा हातात आला त्या दिवसापर्यंत त्या कोपऱ्यात कुणी कुदळसुद्धा मारलेली नव्हती. तिथली माती पाणी घेते, हे नकाशाला कुणी सांगितलं? हा प्रश्न मी तोंडी विचारला, लेखी विचारला, फोनवर विचारला. तो आजतागायत प्रलंबित आहे.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, मिरजेकडे. कालव्याला किती पाणी सोडलं, टेलला किती पोचलं आणि मधलं कुठं गेलं, याचा हिशेब लावण्यात एकतीस वर्षं गेली. कुठं काळंबेरं दिसलं की आपण ‘इथं पाणी मुरतंय’ म्हणतो ना, ते मी शब्दशः म्हणत आलो. मुरणारं पाणी म्हणजे आमच्या खात्याला तूट. निवृत्तीनंतर लेकीजवळ राहायचं म्हणून इकडे आलो, घर बांधायला काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी मुरायला हवं होतं. ते मुरेल का, एवढंच मी विचारत होतो. तुम्हीसुद्धा शहराच्या कडेला घर बांधलं असेल तर पुढचं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

पहिल्यांदा मेस्त्रीला विचारलं. इकडे गवंड्याला मेस्त्री म्हणतात. तो म्हणाला, “आगुत्ते सार.” होईल, साहेब. काय होईल, कसं होईल, ते नाही. मी म्हटलं, माती पाणी घेते का ते आधी बघू. तो म्हणाला, किती रिंगा घालायच्या ते सांगा. रिंगा म्हणजे सिमेंटची कडी, तीन फूट व्यासाची, एकावर एक रचून खड्डा बांधतात. मग ठेकेदाराला विचारलं. त्यानेही रिंगांचाच आकडा विचारला. रिंगा विकणाऱ्याने आठ सांगितल्या, शेजारच्या गल्लीतल्या एकाने दहा, आणि ज्यांना मी काहीच विचारलं नव्हतं अशा दोघांनी बारा. आठ का? तर बाजूच्या घराला आठ घातल्या होत्या. बाजूच्या घराला आठ का? तर त्याच्या बाजूच्या घराला आठ होत्या. हा आकडा अशा रीतीने घरोघर चालत आला होता, आणि मला तो माणूस शोधायचा होता ज्याने सर्वांत आधी जमिनीत पाणी ओतून घड्याळ पाहिलं. संपूर्ण रस्ता उलटा चालत गेलो. असा माणूस सापडला नाही.

मग माती तपासणारी माणसं शोधली. एका प्रयोगशाळेने विचारलं, एसबीसी करायचंय का? म्हणजे जमीन इमारतीचा भार किती पेलेल. ते करायचं होतंच, पण वेगळं. दुसरीकडे विचारलं, पीक कोणतं घेणार? 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीच्या 12 गोष्टी तपासून मिळतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू वगैरे. चांगली योजना आहे. पण त्या बारात ‘ही माती पाणी किती वेळात पिते’ असा रकाना नाही. घर उभं राहील का ते सांगणारे लोक आहेत, भुईमूग येईल का ते सांगणारे आहेत. पाच माणसांचं सांडपाणी रोज या जमिनीत जिरेल का, हे सांगणारा माणूस मला सापडला नाही. आणि पाच माणसं तिथे रोज राहणार आहेत.

ही चाचणी अवघड असती तर मी एक शब्द बोललो नसतो. भारतीय मानक 2470, भाग 2, 1985 सालचा. त्यात ती दिली आहे. जिथे शोषखड्डा किंवा चर करायचा तिथे, तेवढ्याच खोलीपर्यंत, छोटा खड्डा घ्यायचा, 10 ते 30 सेंटिमीटर रुंद. कुदळीने कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खरवडून मातीची छिद्रं मोकळी करायची. सुटी माती काढून तळाला 5 सेंटिमीटर जाड वाळू घालायची. मग 30 सेंटिमीटर पाणी भरायचं आणि निदान चार तास, शक्यतो रात्रभर, खड्डा भरलेला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाणी शिल्लक असेल तर ते 15 सेंटिमीटरवर आणून अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजायचं. शिल्लक नसेल तर पुन्हा 15 सेंटिमीटर भरायचं, दर अर्ध्या तासाला मोजायचं, पुन्हा भरायचं, असं चार तास, आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं. लागतं काय? कुदळ, बादली, पट्टी, घड्याळ.

रात्रभर भिजत का ठेवायचं, यावर मला सगळ्यांनी अडवलं. “तासाभरात होतं सार, रात्रभर कशाला?” मिरजेकडची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला हे विचारावं लागत नाही. मे महिन्यात आमच्या रानाला अशा भेगा पडतात की त्यात कोपरापर्यंत हात जातो. तेव्हा बादलीभर पाणी ओतलं तर घळाघळा जातं, आणि माणूस म्हणतो, वा, काय पाणी घेते ही जमीन. तीच माती आषाढात फुगून बसते आणि वर पाण्याचं तळं साचतं. कोरड्या मातीची साक्ष खोटी असते. शोषखड्ड्यातली माती वर्षाचे 365 दिवस ओलीच राहणार आहे, म्हणून तिला आधी ओली करूनच विचारायचं. बंगळूरची तांबडी माती काळ्या मातीइतकी फुगत नाही, हे खरं. पण साइट सपाट करताना कुठल्या मातीने भराव घातलाय, हे कुणाला माहीत आहे?

आणि हे 25 मिलिमीटर काही कुणी दिल्लीत बसून ठरवलेलं नाही. ते मुळात एक इंच आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात हेन्री रायन नावाचा अभियंता होता. 1920च्या दशकात तो जिथे जिथे अशा यंत्रणा चालत होत्या किंवा तुंबत होत्या तिथे गेला, शेजारी फूटभर चौकोनी खड्डा घेतला, पाणी भरलं आणि एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवलं. आजही अनेक ठिकाणी मुळात त्याच पद्धतीने मोजतात. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस गावोगाव फिरून खड्ड्यापाशी बसू शकला. आमच्या अख्ख्या वॉर्डात कुणाला अर्धा तास बसायला सवड नाही.

शेवटी मीच करायचं ठरवलं. तो 2024चा मार्च होता. त्या मार्चमध्ये बंगळूरमध्ये काय चाललं होतं ते आठवत असेल. बोअर आटले होते. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली, बागेला घातलं, बांधकामाला वापरलं तर 5,000 रुपये दंड जाहीर झाला होता. टँकरचे दर जिल्हा प्रशासनाने बांधून दिले होते, पाच किलोमीटरच्या आत 12,000 लिटरला 1,000 रुपये. अशा दिवसांत मी, भरदिवसा, तीन खड्डे घेऊन त्यात पाणी ओतत होतो. लोक थांबून बघायचे. समोरच्या बाईंनी गच्चीवरून सांगितलं, “नीरु वेस्ट माडबेडी, सार.” पाणी वाया घालवू नका. मी त्यांना नोंदवही दाखवली. तीन खड्ड्यांना मिळून दोन दिवसांत सुमारे अडीचशे लिटर पाणी लागलं, तेही टँकरचं, विकत घेतलेलं. चुकीच्या जागी खड्डा बांधला तर त्या गल्लीतलं किती पाणी कायमचं नासेल, याचा हिशेब त्या वहीत पुढच्या पानावर होता. त्यांनी ते पान उलटलं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या माझ्या बाजूच्या होत्या. पाण्याची काळजी त्या सबंध गल्लीत आम्हा दोघांनाच होती.

खड्डे घ्यायला आलेला माणूस मात्र वेगळा निघाला. मण्णु वड्डर. आपल्याकडे माती वडार म्हणतात तेच. कन्नडमध्ये मण्णु म्हणजे माती. यांच्या पिढ्या विहिरी खणण्यात गेल्या. कब्बन पार्कातल्या जुन्या बुजलेल्या विहिरी अलीकडे याच जमातीच्या हातांनी मोकळ्या झाल्या. माझं कन्नड मिरजेचं, त्याचं कन्नड बंगळूरचं आणि घरची बोली तेलुगूच्या जवळची, तरी मातीबद्दल आमचं बोलणं अडलं नाही. पहिल्या खड्ड्यातून त्याने ढेकूळ काढलं, थुंकी लावून अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, ही पिणार. दुसऱ्या खड्ड्यात दोन फुटांवरच त्याने कुदळ थांबवली. ही माती नाहीच, म्हणाला. खालून फरशीचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी आणि एक चप्पल निघाली. भराव होता. तिसऱ्या खड्ड्यात, मागच्या कोपऱ्यात, करडा चिकट गाळ लागला. त्याने तो माझ्या हातावर ठेवला आणि नुसतं कन्नडमध्ये म्हणाला, “केरे.” तळं. शहराच्या या भागात जुनी तळी होती, त्यांचा गाळ उचलून कुठल्या साइटवर पसरला हे लेआउटच्या नकाशात लिहीत नाहीत. पाणी ओतण्याआधीच त्याने तिन्ही निकाल सांगून टाकले होते. एवढ्या सगळ्या लोकांत जमिनीला विचारणारा तो एकटा. त्याला दिवसाची मजुरी मिळाली. वर्तुळ काढणाऱ्याची फी त्याच्या कितीतरी पट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खुर्ची, छत्री आणि पट्टी घेऊन बसलो. बायको वेळ सांगायला होती, “अहो, झाली तीस मिनिटं.” पहिला खड्डा रात्रीत पूर्ण रिकामा झाला होता. त्यामुळे चार तास, आठ रीडिंग. शेवटच्या अर्ध्या तासात 83 मिलिमीटर, म्हणजे 25 मिलिमीटरला 9 मिनिटं. चांगली माती. दुसऱ्या, भरावाच्या खड्ड्यात ओतलेलं पाणी तीन मिनिटांत दिसेनासं झालं. आणि इथे मला सर्वांत जास्त यातना झाल्या, कारण याच खड्ड्यावर सगळे खूश झाले. मेस्त्री म्हणाला, “बघा सार, किती फास्ट!” ठेकेदाराने फोटो काढला. अहो, ते पाणी मातीत मुरलं नाही, पोकळीत पडलं. मैल्याच्या पाण्यातले जंतू मातीच्या बारीक कणांत अडकून मरतात, त्यासाठीच तर जमिनीत सोडायचं. चपलेच्या आणि फरशीच्या फटीतून गेलेलं पाणी जसंच्या तसं खाली जातं. मी हे तिघांना तीनदा समजावलं. त्यांच्या नजरेत मी उत्तम निकाल नाकारणारा माणूस होतो.

तिसऱ्या खड्ड्यात सकाळीही पाणी होतं. ते 15 सेंटिमीटरवर आणलं आणि अर्धा तास थांबलो. 21 मिलिमीटर. म्हणजे 25 मिलिमीटरला 36 मिनिटं. मानकाप्रमाणे 30 मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो. 30 ते 60च्या मध्ये शोषखड्डा नको, उथळ चर खणून त्यातून पाणी पसरवायचं. 60च्या वर माती नापास, मग वेगळी गाळणी बांधायची. आता तुम्ही विचाराल की चांगली माती कुठे होती. पहिला खड्डा साइटच्या मध्यभागी होता, जिथे घराचा हॉल येणार आहे. भराव गेटपाशी होता, म्हणजे बरोबर त्या वर्तुळाखाली. राहिला मागचा गाळाचा कोपरा.

हिशेब करून दाखवतो, कप बाजूला ठेवा. मिनिटांचा आकडा घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, 204ला त्याने भागायचं. जे येईल तेवढे लिटर पाणी दिवसाला एक चौरस मीटर माती पेलते. साधं पाणी ती पुष्कळ जास्त घेईल, पण सांडपाण्याने मातीवर हळूहळू बुळबुळीत थर धरतो, म्हणून हा आकडा इतका कमी. 9 मिनिटांच्या मातीला 68 लिटर. 36 मिनिटांच्या मातीला 34. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे आम्हा पाच जणांचं 540 लिटर. चांगल्या मातीत मला 8 चौरस मीटर कडा पुरल्या असत्या. तीन फुटी रिंगांचा खड्डा तीन मीटरसुद्धा खोल लागला नसता. गाळाच्या कोपऱ्यात जवळजवळ 16 चौरस मीटर लागतात, तेही चराचा तळ म्हणून. 60 सेंटिमीटर रुंद चर धरला तर लांबी 26 मीटरच्या वर. माझी साइट 12 मीटर लांब आहे. आठ रिंगांचं उत्तर यातल्या कुठल्याही हिशेबात बसत नाही, आणि तरी मी वहीत आकडे मांडत असताना ट्रक आला आणि आठ रिंगा गेटपाशी उतरवून गेला. मी मागवल्या नव्हत्या. “कधीतरी लागणारच ना, सार.”

अंतराचा अन्याय तर अजून सांगितलाच नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून ही व्यवस्था निदान 18 मीटर लांब हवी आणि राहत्या घरापासून निदान 6 मीटर. हे अंतर कुणी हौसेने घातलेलं नाही. लालबागेत तो मोठा खडक आहे ना, तीनशे कोटी वर्षांचा म्हणतात, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून पाटी आहे, तोच खडक कमीअधिक खोलीवर सगळ्या शहराखाली आहे. वर तांबडी माती, मग मुरूम, मग हा खडक. खाली गेलेलं पाणी खडकावर आपटतं आणि भेगांतून आडवं चालू लागतं. बोअर त्याच भेगांतून पाणी ओढतो. सांडपाण्यातून येणारा नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, त्यावर गेलं की तान्ह्या मुलांना धोका.

आता माझी साइट घ्या. 30 आणि 40 बाजू असल्या की कर्ण 50 येतो. गवंडी काटकोन बघायला तीन-चार-पाचची दोरी धरतात, तोच त्रिकोण. म्हणजे माझ्या जागेच्या एका टोकाच्या कोपऱ्यात बोअर आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा ठेवला, मध्ये घरच बांधलं नाही, झाड लावलं नाही, तरी अंतर 50 फूट. 18 मीटर म्हणजे 59 फूट. नऊ फूट कमी पडतात. शहराने हजारो लोकांना जी साइट दिली, ती नियमाला आपल्या कर्णातसुद्धा पुरत नाही. घरापासून 6 मीटर मोजत गेलो तर टेपचं टोक गल्लीच्या मधोमध जातं. आणि हे सगळं माझ्याच बोअरबद्दल झालं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा बोअर आहे, त्यांच्या पलीकडे आणखी एक.

भरीस भर, 2009 पासून बंगळूरमध्ये 1,200 चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या साइटवर नवं घर बांधलं तर पावसाचं पाणी साठवायची किंवा जमिनीत मुरवायची सोय करावी लागते. 30 गुणिले 40 किती होतात? बरोबर. हा कायदा मला मनापासून पटतो. कन्नडमध्ये त्या खड्ड्याला इंगु गुंडी म्हणतात, मुरवण्याचा खड्डा, फार सुंदर शब्द आहे. पण एकाच साइटवर एक खड्डा स्वच्छ पाणी जमिनीत घालणार आणि दुसरा खड्डा चार पावलांवर मैल्याचं पाणी घालणार, आणि बोअर या दोघांच्या मधलं उपसणार. हे तीन तुकडे एका कागदावर शेजारी शेजारी काढताना कुणाचा हात थांबला नाही. 2024च्या ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. 2007 साली शहरात आलेल्या 110 गावांसाठी रोज 775 दशलक्ष लिटर, शंभर किलोमीटरवरून, डोंगरभर उंच चढवून. फार मोठं काम झालं. तेवढं पाणी घराघरांत आलं की त्यातलं 80 टक्के पुन्हा बाहेर पडणार. गटारलाइन जिथे पोचली नाही तिथे ते कुठे जाणार? गाळाच्या कोपऱ्यात, दिवसाला चौरस मीटरमागे 34 लिटर.

माती नाही म्हणाली आणि तरी खड्डा बांधला तर काय होतं तेही मी गल्लीत पाहिलं. टँक दोन महिन्यांत भरतो, झाकणाच्या कडेने काळं पाणी झिरपतं, मग हनी सकर, म्हणजे मैला उपसणारा टँकर, बोलवावा लागतो. देवनहळ्ळीला 2015 पासून असा मैला शुद्ध करणारा प्रकल्प चालतो, तिथे गेला तर ठीक. सगळे टँकर तिथे जात नाहीत. आणि टँकरची नळी पोचत नाही अशा जागी कुणीतरी माणूस उतरवायचा विचार करतो. 2013च्या कायद्याने ते बंद आहे, तरी टँकमध्ये गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येतच राहतात. ज्या दिवशी त्या कोपऱ्यात पाणी न ओतता वर्तुळ काढलं, त्या दिवशीच ते झाकण कधीतरी उघडावं लागणार हे ठरलं. म्हणून मी त्या अर्ध्या तासासाठी भांडतो.

घरात तोडगा बायकोने काढला. ती म्हणाली, “अहो, आपल्या मिरजेच्या घरी न्हाणीचं पाणी कुठं जायचं?” परसात. केळीला, अळवाला, कर्दळीला. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी वेगळं काढलं तर मातीवर फक्त संडासाचं पाणी पडतं, माणशी 45 लिटर, पाच जणांचं 225. पुन्हा भागाकार केला. 36 मिनिटांच्या मातीत साडेसहा चौरस मीटरच्या जरा वर, 60 सेंटिमीटर रुंद चर 11 मीटर. साइट 12 मीटर. बसतंय. तिने रांगोळीच्या पुड्याने मागच्या भिंतीलगत रेघ मारून दाखवली. अंतराचे नियम अर्थात जसेच्या तसे मोडतात. ते मी वहीत स्वतंत्र पानावर लिहून ठेवलं आहे, तारीख घालून. नकाशातलं वर्तुळ खोडायला मात्र सुधारित नकाशा लागतो, सुधारित नकाशाला नवी फी, आणि फी घेणारा विचारतो की वर्तुळात चूक काय आहे.

ती रेघ मारली त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडचे आजोबा आले. निवृत्त शिक्षक, हासनकडचे. दोन दिवस ते भिंतीवरून माझी पट्टी, छत्री, आठ रीडिंग बघत होते. काहीच बोलले नव्हते. आल्यावर त्यांनी खिशातून टेप काढला, स्वतःचा, आणि म्हणाले, माझ्या शोषखड्ड्यापासून माझा बोअर किती लांब आहे ते मोजून द्या. आम्ही मोजलं. साडेचार मीटर. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. साडेचार. मग ते बराच वेळ बोअरच्या पाइपाकडे बघत उभे राहिले. नातू आत दूध पीत होता, त्याच पाण्यात कालवलेलं.

आज त्यांच्या मागच्या अंगणात खड्डा घेतला. माती वडाराला पुन्हा बोलावलं, त्याने ढेकूळ चोळून पाहिलं आणि या वेळी तो काहीच बोलला नाही. कडा मी खरवडल्या, वाळू आजोबांनी घातली, पाणी संध्याकाळी सहाला भरलं. बाटलीभर बोअरचं पाणी तपासायला दिलंय, नायट्रेटसाठी. उद्या सकाळी सातला पहिलं रीडिंग. तुम्ही येणार असाल तर पट्टी घेऊन या, माझी एकच आहे आणि ती आता त्यांच्याकडे आहे.